जमिनीखाली गेलेले देव

आयर्लंडमधलं सगळ्यात देखणं जुनं घर फसवून बळकावलेलं आहे, असं तिथल्या पुराणकथाच सांगतात. सांगताना कुणाला त्याची लाज वाटलेली दिसत नाही.

गोष्ट अशी. बॉइन नदीच्या काठी एल्क्मर नावाचा एक बडा असामी राहत होता. त्याची बायको बोअन. देवांचा कारभारी दाग्दा, म्हणजे पोट सुटलेला, आखूड अंगरखा घालणारा आणि भलाथोरला सोटा जमिनीवरून ओढत नेणारा देव, बोअनवर भाळला. त्याने एल्क्मरला कसल्याशा कामगिरीवर लांब धाडलं आणि जाताना त्याच्यावर असं गारूड केलं की त्याला भूक लागली नाही, तहान लागली नाही, अंधार पडलेलाही कळला नाही. नऊ महिने त्याला एका दिवसाएवढे वाटले. तेवढ्यात बोअनला दिवस गेले, मुलगा झाला, आणि तो दुसऱ्याच्या घरी वाढायला पाठवलाही गेला. एल्क्मर परतला तेव्हा घरात सगळं जागच्या जागी होतं.

मुलाचं नाव एंगस. थोर झाल्यावर तो बापाच्या सल्ल्याने एल्क्मरकडे आला आणि म्हणाला, हे घर मला दिवस आणि रात्र राहायला द्या. एल्क्मरने दिलं. दुसऱ्या दिवशी तो घर परत मागायला गेला तर एंगस म्हणाला, काळ म्हणजे तरी काय, दिवस आणि रात्रच ना? मग कायमचंच दिलंत. जुन्या आयरिश भाषेत 'एक' लावल्याशिवाय हे वाक्य बोलता येतं. मराठीतही येतं, त्यामुळे हा डाव आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या एका पाठात एंगस परक्याला न फसवता थेट बापालाच असा बाहेर काढतो. तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटूची गोष्ट ऐकून वाढलेल्यांना यातला मासला ओळखीचा वाटेल. डब्लिनमध्ये ज्यांनी भाड्याने घर शोधलंय त्यांना तर एंगसबद्दल आदरच वाटेल.

ते घर म्हणजे न्यूग्रेंज. डब्लिनपासून तासाभराच्या अंतरावर, बॉइन नदीच्या वळणात. एकरभराहून मोठा, ८५ मीटर व्यासाचा मातीदगडांचा गोल उंचवटा, भोवती ९७ मोठ्या शिळांचं कडं, आणि आत जायला १९ मीटर लांबीची अरुंद वाट. बांधकाम इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीचं.

सासूबाई नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा त्यांना तिथे घेऊन गेले. गाडी थेट दारापर्यंत जात नाही. नदीच्या अलीकडे केंद्र आहे, तिथे तिकीट काढायचं, पूल चालून ओलांडायचा, मग त्यांची बस. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. दारातल्या आडव्या शिळेवर वेटोळीच वेटोळी कोरलेली आहेत आणि ती लाकडी पायऱ्यांवरून ओलांडून जावी लागते. मग वाकायचं, खांदे तिरके करायचे, पिशवी बाहेरच ठेवायची. दोन्ही बाजूंच्या उभ्या शिळा इतक्या जवळ येतात की जाडजूड जॅकेट घासत जातं. आत फुलीच्या आकाराचं दालन. वर दगडांचे थर एकावर एक थोडे थोडे पुढे सरकवत नेऊन सहा मीटर उंचीवर छत मिटवलंय. चुना नाही, गारा नाही. वाटेवरच्या छताच्या फटींत जळकी माती आणि समुद्राची वाळू भरलेली होती. त्या जळक्या मातीवरूनच काळ ठरवता आला. पाच हजार वर्षांत दालनात पाणी गळलेलं नाही, असं गाइडने सांगितलं.

"आपल्या गच्चीला दर दोन वर्षांनी डांबर लागतं," आई म्हणाल्या. त्या मराठीत बोलल्या तरी गाइड हसली. सूर कळला असावा.

दाराच्या वर एक चौकोनी झरोका आहे. २१ डिसेंबरच्या आगेमागे, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत, उगवत्या सूर्याची तिरीप त्या झरोक्यातून शिरते, वाटेच्या फरशीवरून सरकत दालनाच्या तळापर्यंत जाते आणि सतराएक मिनिटांत मागे फिरते. प्रत्यक्ष त्या सकाळी आत थांबायचं तर सोडतीत नाव लागावं लागतं. अर्ज हजारोंनी येतात, माझं नाव अजून लागलेलं नाही, आणि ज्यांचं लागतं त्यांच्या नशिबी बहुधा ढग असतात. आम्हाला दिवा लावून दाखवलं. सगळे दिवे घालवले, काळोख झाला, कुणाचं तरी पोर घाबरून आईला चिकटलं, मग पिवळट रेघ जमिनीवरून सरपटत आली. नकली आहे हे माहीत असून माझ्या अंगावर काटा आला.

हे सगळं कुणालाच ठाऊक नव्हतं का? इथे गोष्ट रंगते. १६९९ मध्ये जमीनमालक चार्ल्स कॅम्बेल याची माणसं रस्त्यासाठी या ढिगाऱ्यातले दगड उपसत होती, तेव्हा आतली वाट सापडली. पुढे अडीचशेहून जास्त वर्षं येणारे-जाणारे आत डोकावत राहिले. १९६२ मध्ये प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी उत्खनन सुरू केलं, तेव्हा आसपासची माणसं त्यांना सांगायची की अमुक एका दिवशी सूर्य आतल्या तिहेरी वेटोळ्याच्या दगडावर पडतो. त्यांना वाटलं, लोक इंग्लंडच्या स्टोनहेंजशी गल्लत करताहेत. पण दारावरच्या झरोक्याचं कोडं सुटेना. म्हणून २१ डिसेंबर १९६७ ला पहाटे ते एकटे आत जाऊन बसले, आणि सूर्य आला. झरोका तोवर शतकानुशतकं मातीखाली दबलेला होता. मग लोकांच्या तोंडी ती गोष्ट आली कुठून? कुणी म्हणेल, निव्वळ योगायोग. मला तसं म्हणवत नाही, पण सिद्धही करता येत नाही.

दर्शनी भागाची पांढरीशुभ्र भिंत मात्र मला आवडली नाही. गारगोटीचे पांढरे दगड विकलोच्या डोंगरांतून आणलेले, खरेच जुने. ते दारापुढे पसरलेले सापडले होते. ती भिंत उभीच असणार असं ओकेलींनी ठरवलं आणि मागे सिमेंट-काँक्रीटचा आधार देऊन ती पुन्हा रचली. एवढी उभी भिंत त्या काळी टिकलीच नसती, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. एका फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने तिला मनुका पेरलेला चीजकेक म्हटलं होतं. पोस्टकार्डावर ती छान दिसते. आत गेल्यावर जे अंगाला भिडतं, त्याचा तिच्याशी काही संबंध नाही.

त्याहून विलक्षण प्रकरण २०२० चं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी न्यूग्रेंजच्या दालनातल्या एका पुरुषाच्या हाडातली जनुकं वाचली. त्याचे आईवडील सख्खे भाऊ-बहीण किंवा जन्मदाता-अपत्य इतक्या जवळच्या नात्यातले निघाले. म्हणजे इथे देवराजे राज्य करत असावेत, इजिप्तच्या फेरोंसारखे, असा तर्क त्यांनी केला. एका कवटीच्या तुकड्यावरून एवढा मोठा राजवाडा उभारू नका, असं इतर पुरातत्त्वज्ञांनी पुढे सुनावलं, आणि मला त्यांचं पटतं. पण शेजारच्याच डाउथ या टेकाडाची मध्ययुगात लिहून ठेवलेली कथा वाचा. ब्रेसल राजाला स्वर्गापर्यंत पोचणारा बुरूज बांधायचा होता. मजूर एका दिवसापुरतेच मिळाले. राजाच्या बहिणीने मंत्र टाकून सूर्य रोखून धरला, म्हणजे काम होईतो दिवस मावळणार नाही. राजाने बहिणीशीच संग केला, मंत्र तुटला, अंधार पडला, मजूर काम टाकून घरी गेले. म्हणून तो बुरूज अर्धाच राहिला आणि त्या जागेला अंधाराचं नाव पडलं.

थांबलेला सूर्य आणि भाऊ-बहीण, दोन्ही एका गोष्टीत. दफन आणि लिखाण यांच्यामध्ये चार हजारांहून जास्त वर्षं. एवढ्या काळात आठवण टिकते यावर माझा विश्वास बसत नाही. बसावा असं वाटतं, म्हणूनच स्वतःवर जरा पहारा ठेवावा लागतो.

कारण एक अडचण आहे, आणि ती पर्यटनाच्या पत्रकांत बारीक अक्षरातही छापत नाहीत. न्यूग्रेंज 'सेल्टिक', म्हणजे आयरिश ज्या कुळातली आहे त्या भाषा बोलणाऱ्यांनी बांधलेलं, नाहीच. ते बांधणारे शेतकरी कुठली भाषा बोलत, देवाला काय म्हणत, याचा मागमूस उरलेला नाही. इ.स.पू. २४०० च्या आसपास बेटावर नवी माणसं आली आणि जुन्यांचा वंश बहुतांशी पुसला गेला, असं जनुकं सांगतात. सेल्टिक भाषा त्यांच्याबरोबर आल्या की आणखी हजार-दीड हजार वर्षांनी, यावर पंडितांची जुंपलेली आहे. काही असो, एंगस, बोअन आणि दाग्दा यांच्या कथा सांगणाऱ्यांनी ही टेकाडं बांधलेली नव्हती. ते आले तेव्हा ती हिरवळ चढून, तोंड बुजून पडलेली होती.

हे गाडीत सांगत होते तर आई म्हणाल्या, "अगं, मग पांडवलेण्यांसारखंच की." नाशिककर बाईला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. त्रिरश्मी डोंगरावरच्या त्या बौद्ध लेण्यांत दात्यांनी स्वतःची नावं कोरून ठेवलीत. गौतमी बलश्री आहे, उषवदात आहे, किती गावं दिली, किती कार्षापणं दिली याचा हिशेबसुद्धा आहे. पण ब्राह्मी वाचता येईनाशी झाली आणि लोकांनी लेणी पांडवांच्या नावावर केली. एवढं मोठं काम साध्या माणसांचं कसं असेल? आपल्याकडे निदान अक्षरं होती, १८३७ मध्ये ती पुन्हा वाचता आली. बॉइनकाठी नुसती वेटोळी आहेत. ती कुणी वाचून दाखवणार नाही.

आयरिश लोकांनी या कोड्याचं जे उत्तर काढलं ते मला पांडवांपेक्षाही आवडतं. त्यांच्या कथेत बेटावर लाटांमागून लाटा येतात. आपल्याआधी इथे तुआहा डे डॅनन, म्हणजे देवी दानूची प्रजा, राज्य करत होती. मग आपले पूर्वज, मीलचे वंशज, जहाजांतून आले आणि जिंकले. वाटणी झाली. जमिनीचा वरचा अर्धा भाग जेत्यांना, खालचा अर्धा हरलेल्यांना. देव टेकाडांच्या पोटात राहायला गेले आणि दाग्दाने कुणाला कुठलं टेकाड ते वाटून दिलं. पण एवढ्यावर भागलं नाही. खालच्यांनी वरच्यांचं धान्य आणि दूध नासवायला सुरुवात केली, तेव्हा जेत्यांना दाग्दाशी तह करावा लागला. मगच पीक हाती येऊ लागलं. जिंकून घेतलेली जमीन आपली पुरती होत नाही, खालच्यांचा वाटा द्यावाच लागतो, हे ज्यांनी जिंकली तेच सांगतात. आपण या गावात पहिले नाही, हे इतकं उघडपणे मान्य करणाऱ्या वंशकथा मी फार वाचलेल्या नाहीत.

टारा या डोंगरावर जाताना मात्र अपेक्षा घरी ठेवून जावं. शंभराहून जास्त राजांची ही गादी असं म्हणतात, आणि प्रत्यक्षात तिथे गवत, मेंढ्या आणि वारा. गोल खंदक, त्यात गोल उंचवटे, एका उंचवट्यावर पुरुषभर उंचीचा एक गुळगुळीत खांब. हा लिया फॉल. खरा राजा त्यावर उभा राहिला की दगड किंचाळायचा. कू हुलिन या वीराच्या पट्टशिष्यासाठी तो ओरडला नाही, तेव्हा त्याने तलवारीने दगड फोडला आणि तो बहुतेक कायमचा मुका झाला. आईंनी त्याला हात लावून पाहिला, एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बघायचं काय आहे?"

काही नाही. आणि दर पिढीला इथे काहीतरी दिसत आलंय. १८९९ ते १९०२ या काळात काही ब्रिटिश मंडळींनी या टेकड्या खणून काढल्या, कशासाठी, तर बायबलमधली दहा आज्ञांची पेटी इथे पुरलीय अशी त्यांची खात्री होती. कवी येट्ससारख्यांनी वर्तमानपत्रात निषेध केला. पेटी सापडली नाही, नासधूस मात्र कायमची झाली. त्याआधी १८४३ मध्ये आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेल यांनी लाखोंची सभा घेतली ती इथेच, कारण इंग्रजांना जाब विचारायला याहून योग्य जागा नव्हती. १७९८ च्या बंडात इथे मेलेल्यांच्या कबरीवर खूण म्हणून लिया फॉल पुढे हलवला गेला. म्हणजे राजा निवडणारा दगड राजाविरुद्ध लढलेल्यांच्या उशाशी आला. आणि गेल्या काही वर्षांत त्याच दगडावर कुणी हातोडा चालवला, कुणी रंग फेकला. मुका दगडसुद्धा लोकांना स्वस्थ बसू देत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते रॅथक्रोहन, आणि तिथे पाहुणे न्यायची सोय नाही. रॉसकॉमन परगण्यातलं टल्स्क नावाचं खेडं, तिथे एक छोटं केंद्र, आणि आजूबाजूला मैलोगणती कुरणं. ही कॉनॉक्टच्या मेव्ह राणीची राजधानी. आयरिश महाकाव्याची ठिणगी इथेच पडली, तीही पलंगावर. मेव्ह आणि तिचा नवरा आलिल रात्री पडल्या पडल्या बोलत होते. तो म्हणाला, माझ्याशी लग्न झाल्यापासून तुझं बरं चाललंय. ती म्हणाली, माझं आधीपासूनच बरं होतं. मग दोघांनी इस्टेट मोजायला काढली. बादल्या, मडकी, अंगठ्या, कपडे, मेंढ्या, घोडे, डुकरं. सगळं बरोबरीत सुटलं. फक्त आलिलकडे एक पांढरा खोंड जास्त निघाला. जन्मला होता मेव्हच्याच गाईच्या पोटी, पण बाईच्या कळपात राहणं कमीपणाचं वाटून नवऱ्याच्या कळपात गेलेला. तोडीस तोड बैल सबंध बेटावर एकच, अल्स्टरमधल्या कूलीचा तपकिरी. मेव्हने तो वर्षभरासाठी मागितला, मालक कबूलही झाला. रात्री तिचे दूत दारू पिऊन बरळले की दिला नसता तर हिसकावून नेलाच असता. मालकाच्या कानावर गेलं, सौदा फिसकटला, आणि युद्ध. शेकडो माणसं मेल्यावर शेवटी दोन बैल एकमेकांवर तुटून पडतात, तपकिरी पांढऱ्याच्या चिंधड्या करून शिंगांवर मिरवत घरी जातो आणि ऊर फुटून मरतो. इस्टेटीचा हिशेब पुन्हा बरोबरीत.

राणीचं म्हणतात ते टेकाड सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. वर चढून उभं राहिलं की सपाट माथा आणि लांबवर कुरणं. ते आजवर खणलेलं नाही. जमिनीवर यंत्रं फिरवून आतल्या खंदकांची आणि भिंतींची चित्रं तेवढी काढलीत. त्यात टेकाडाभोवती ३६० मीटर व्यासाचं एक प्रचंड कुंपण दिसलं. ते तसंच राहू द्यावं, असं माझं आपलं मत. चीजकेक एक पुरे.

तिथून थोड्या अंतरावर, एका शेतात, काटेरी हॉथॉर्नच्या झुडपाखाली ओवेनागॅट. मांजरांची गुहा. तोंड एवढं लहान की कोल्ह्याचं बीळ वाटावं. आधी बसायचं, मग पाय आत सोडायचे, मग घसरायचं. डोक्याच्या वर आडवी बसवलेली शिळा, तिच्या कडेवर ओघम लिपीच्या रेघा. विजेरी तिरकी धरल्याशिवाय दिसत नाहीत. फ्रॅख, मेव्हचा मुलगा, असं त्या रेघांचं वाचन आहे. कुठलं तरी जुनं बांधकाम मोडून ती शिळा इथे छताला वापरली. पुढे माणसाने रचलेला भाग संपतो आणि चुनखडीतली नैसर्गिक भेग सुरू होते. उंच, अरुंद, ओली. चिखल इतका की बूट प्रत्येक पावलाला आत राहायला बघतो. तळाशी पोचल्यावर गाइडने विजेऱ्या घालवायला सांगितल्या. डोळे उघडे ठेवून आणि मिटून, दोन्हीकडे काळोख तोच. टप्पकन थेंब मानेवर पडला आणि मी ओरडले. पुढचा माणूसही ओरडला, माझ्यामुळे.

मध्ययुगातल्या ख्रिस्ती लेखकांनी या गुहेला आयर्लंडमधलं नरकाचं दार म्हटलं. त्याआधी ती युद्धदेवी मॉरिगनचं घर होती आणि सोविनच्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, इथून खालची मंडळी वर येत. अमेरिकेत भोपळे कोरतात त्या सणाचं हे आजोळ. इथे आधी सलगम कोरत. आयरिश लोक पोटासाठी अमेरिकेला गेले आणि तिथे कोरायला त्याहून सोपा भोपळा मिळाला.

नेराची गोष्ट याच रात्रीची आणि याच दाराची. आलिल आणि मेव्ह वाड्यात बसलेत, कढईत मांस शिजतंय. बाहेर आदल्या दिवशी फाशी दिलेल्यांची प्रेतं लटकताहेत. आलिल म्हणतो, जो कुणी जाऊन प्रेताच्या पायाला वेताचं कडं अडकवून येईल त्याला बक्षीस. नेरा जातो. प्रेत म्हणतं, मला तहान लागलीय, पाठुंगळीला घे. आपल्याकडच्या विक्रमाला निदान मौन पाळायचं ठाऊक होतं. नेरा त्याला घेतो, पाणी पाजतो, परत लटकावतो आणि वळून बघतो तर वाडा जळतोय, मुंडक्यांची रास पडलीय आणि शत्रूचं सैन्य गुहेकडे चाललंय. तो त्यांच्या मागोमाग आत शिरतो. तिथे त्याला लाकडं वाहायचं काम मिळतं, बायको मिळते, संसार सुरू होतो. बायको सांगते, तू पाहिलंस ते अजून घडलेलं नाही. पुढच्या सोविनला घडेल. आत्ताच जाऊन सावध कर. तुझी माणसं अजून त्याच कढईभोवती बसलीत. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवील, नेरा विचारतो. ती म्हणते, उन्हाळ्यातली फुलं घेऊन जा. तो रानलसूण, प्रिमरोझ आणि सोनेरी नेचा घेऊन वर येतो, नोव्हेंबरच्या तोंडावर. कढई अजून उतरलेली नसते.

हे वाचताना मला हमखास वाटतं की ही गोष्ट रचणारा त्या भेगेत उतरून आलेला असणार. बाहेर आलात की घड्याळ सांगतं त्यावर मन विश्वास ठेवत नाही. मी आत तासभर होते अशी माझी समजूत, प्रत्यक्षात अर्धा तासही झाला नव्हता.

या कथा उरल्या त्या मठांतल्या भिक्षूंमुळे, म्हणजे ज्यांना त्या पाखंड वाटायला हव्या होत्या त्यांच्यामुळे. बाराव्या शतकातली एक पोथी, लेन्स्टरचा ग्रंथ, ट्रिनिटी कॉलेजात आहे. तिच्यात बैलाच्या युद्धाची सबंध कथा उतरून झाल्यावर शेवटी फलश्रुती येते. जो हे पदरचं काही न घालता जसंच्या तसं पाठ करील त्याला आशीर्वाद. ही आयरिश भाषेत. त्याच्याखाली, लॅटिनमध्ये, दुसरा सूर लागतो. ही कथा, खरं म्हणजे कपोलकथा, मी लिहिली, पण यातल्या बऱ्याच गोष्टींवर माझा विश्वास नाही. काही सैतानाच्या करामती आहेत, काही कवींच्या कल्पना, काही खऱ्या वाटतात, काही नाहीत, आणि काही तर मूर्खांच्या करमणुकीसाठी आहेत. घरच्यांसाठी एक भाषा आणि साहेबासाठी दुसरी, ही कसरत आपल्याला नवी नाही. बरं, विश्वास नव्हता तर एवढं चर्मपत्र, म्हणजे एवढी वासरं, खर्ची का घातली?

विश्वासाचा प्रश्न इथे लोक आजही उडवून लावतात. परी-बिरी मानता का असं विचारलं तर नाही म्हणतील, आणि शेताच्या मधोमध उभं हॉथॉर्नचं झाड तोडा म्हटलं तर तेही नाही म्हणतील. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात, लाटून इथे, महामार्गाच्या आड असंच एक झाड आलं. एडी लेनिहन या कथेकऱ्याने जाहीर इशारा दिला की हे पऱ्यांचं झाड आहे, तोडलं तर रस्त्यावर अपघात होतील. बरीच चर्चा झाली, आणि अभियंत्यांनी आराखड्यात झाडाला जागा करून दिली. दाग्दाशी केलेला तह अजून पाळला जातोय, म्हणायचं.

आईंना परत जायच्या आधी किल्डेअरला नेलं. तिथे ब्रिगिड. दाग्दाची मुलगी ब्रिगिड ही काव्याची, लोहारकीची आणि वैद्यकीची देवी, आणि त्याच नावाची पाचव्या-सहाव्या शतकातली ख्रिस्ती संत. दोघींचे धागे इतके गुंतलेत की सोडवण्यात अर्थ नाही. सण एकच, १ फेब्रुवारी, वसंताचा पहिला दिवस. २०२३ पासून तिच्या नावाने सरकारी सुट्टीही मिळते. संतिणीला मठासाठी जमीन हवी होती. राजा देईना. माझी शाल झाकेल तेवढी तरी द्या, ती म्हणाली. राजा हसून हो म्हणाला, आणि शाल पसरत पसरत 'करा' नावाचं सगळं पठार झाकून गेली. आईंनी लगेच ताडलं, "म्हणजे इथेही वामनच." तिथल्या मठात अखंड अग्नी असे. एकोणीस जोगिणी आळीपाळीने एकेक रात्र तो राखत आणि विसाव्या रात्री तो ब्रिगिडवर सोपवत, असं बाराव्या शतकातल्या प्रवाशाने लिहून ठेवलंय. तिच्या हयातीनंतर सहाशे वर्षांनी.

गावाबाहेर तिची विहीर आहे. विहीर कसली, झराच, बागेसारख्या हिरवळीत, ब्रॉन्झचा पुतळा शेजारी. आईंनी चपला काढल्या, पाणी डोळ्यांना लावलं आणि न विचारता प्रदक्षिणा सुरू केली, उजवीकडून. बाकावर बसलेल्या एका आयरिश आजी लक्ष देऊन बघत होत्या. मला म्हणाल्या, "बरोबर घालताहेत. सूर्याच्या वाटेने. उलटं फिरायचं नसतं."

उलटं फिरल्यावर काय होतं ते बोअनने पाहिलं होतं. नऊ हेझेलच्या झाडांखाली ज्ञानाची विहीर होती आणि तिच्याजवळ जायला तिला मनाई होती. ती गेली, विहिरीभोवती तीनदा उलटी फिरली, आणि पाणी उसळून तिच्या मागे लागलं. तिचा एक डोळा गेला, एक हात गेला, एक पाय गेला, आणि समुद्रापर्यंत ती पळाली ती वाट म्हणजे बॉइन नदी. एल्क्मरचीच ती बायको, एंगसची आई.

विहिरीजवळच्या झाडाला चिंध्या बांधलेल्या होत्या. रिबिनी, मोजे, केसांचे रबर, बाळाचं दुपटं. आजींनी समजावलं, दुखरा भाग कापडाने पुसायचा आणि कापड झाडाला बांधायचं. ते कुजत जाईल तसं दुखणं जातं. मी भाषांतर केलं. आई म्हणाल्या, त्यांना विचार, गुडघ्याला चालतं का?

"गुडघ्याला चालतंच," आजी म्हणाल्या, आणि झाडाकडे बघून त्यांचा पारा चढला. "पण हे बघा लोक काय बांधतात. नायलॉन! पॉलिस्टर! हे शंभर वर्षं कुजणार नाही. आजार जाणार कसा? त्यांना विचारा, सुती काही आहे का."

आईंनी पर्समधून मामांजींचा रुमाल काढला, बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाल्या, "टेरिकॉट दिसतोय गं. तुझी ओढणी कसली आहे?"